बाटली पांढऱ्यात, झाकण पिवळ्यात

लोणच्याला बुरशी आली तेव्हा मला जर्मनीत, हायडेलबर्गात शिकायला येऊन पाच आठवडे झाले होते. पत्त्याची नोंदणी झाली होती, व्हिसासाठी बँकेत अडकवून ठेवलेल्या माझ्याच पैशांतले महिन्याचे ९३४ युरो माझ्याच हातात पडायला लागले होते, ट्रामचा थांबा न विचारता सापडत होता. आता आपण मार्गी लागलो, असं मला वाटायला लागलं होतं. मला असं वाटलं की समजावं, घरात काहीतरी नासलंय.

लोणचं कैरीचं. आईने ते हॉर्लिक्सच्या जुन्या काचेच्या बाटलीत भरून, बाटली तीन पिशव्यांत घालून, पिशव्यांवर बाबांचा पंचा गुंडाळून, वर सुतळी बांधून दिलं होतं. विमानतळावरच्या माणसाने ते गाठोडं हातात घेऊन माझ्याकडे असं पाहिलं होतं, की मलाच क्षणभर आत काय आहे याची शंका आली. पुणे ते फ्रँकफुर्ट तेलाचा एक थेंब बाहेर आला नाही. जे काम सात हजार किलोमीटरना जमलं नाही, ते माझ्या शेजारच्या खोलीतल्या मुलाने एका ओल्या चमच्याने केलं.

हा मुलगा स्टुटगार्टजवळच्या गावचा. गडी भला. लोणचं त्याला इतकं आवडलं की तो ते पावाला लोणी लावून त्यावर खायचा. नळाखाली चमचा धुवायचा आणि तसाच निथळता बाटलीत घालायचा. चूक त्याची नव्हती. "लोणच्यात ओला चमचा घालू नये" हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. पण हे कोणी कोणाला सांगतं का? मलाही कधी कोणी सांगितलेलं आठवत नाही. एकदा लहानपणी पाठीत धपाटा बसला होता, तेवढंच.

बुरशी दाखवल्यावर तो हळहळला. मग त्याने जो प्रश्न विचारला, त्याने माझं ते अख्खं सत्र खाल्लं.

"हे आता कुठे टाकणार?"

मी पुण्याचा. ओला कचरा, सुका कचरा, असे दोन डबे आमच्या घरी आहेत आणि सुशिक्षित असल्याचा तेवढा पुरावा आम्हाला पुरतो. पुढचं सगळं सकाळी येणाऱ्या ताई बघतात. दुधाची पिशवी कुठली, पुठ्ठा कुठला, कशाला भाव येतो आणि कशाला नाही, हे सारं ज्ञान त्यांच्या हातात असतं, आणि आपण ते आपल्यात आहे असं धरून चालतो. इथे त्या ताई नव्हत्या. इथे प्रत्येकाने स्वतःच ताई व्हायचं होतं. स्वयंपाकघरात भिंतीला लागून डबे: कागदाचा निळा, वेष्टनांचा पिवळा, भाजीपाल्याच्या सालींचा तपकिरी, आणि कशातच न बसणाऱ्यांचा करडा. काच यांतल्या कशातच नाही. तिच्यासाठी कोपऱ्यावर तीन मोठ्या पेट्या, पांढऱ्या, हिरव्या आणि तपकिरी काचेच्या वेगवेगळ्या. निळी बाटली असेल तर हिरव्यात. हे मी कोणाला विचारलं नव्हतं, पण त्या मुलाने आपणहून सांगितलं.

त्याच्या मुलखात, म्हणजे श्वाबियात, जिना झाडायची पाळी आठवड्याआठवड्याने एकेका बिऱ्हाडावर येते आणि ज्याची पाळी त्याच्या दारावर तशी पाटी लटकते. अशा पाटीखाली वाढलेल्या माणसापुढे मी बुरसटलेलं लोणचं घेऊन उभा होतो.

मजल्यावरचे सगळे जमले. लोणचं म्हणजे कैरी, म्हणून तपकिरी डब्यात, असं एक मत पडलं. पण त्यात तेल आहे, आणि तेल तपकिरीत चालत नाही, असं दुसरं. एका मुलीने "संडासात ओतून टाक" असं सुचवलं, त्यावर स्वयंपाकघरात अशी शांतता पसरली की आमच्याकडे सुतकातही पसरत नाही. नगरपालिकेचं पत्रक काढण्यात आलं. त्यात अंड्याची टरफलं होती, कॉफीचा चोथा होता, कुजलेली फुलं होती. कैरीचं लोणचं नव्हतं. शेवटी जुन्या वर्तमानपत्रात तेल जिरवून सगळा ऐवज करड्या डब्यात गेला. खारात मुरलेल्या कैऱ्यांना जर्मन बातम्यांत गुंडाळताना मला जरा भरून आलं.

उरली बाटली. मी ती घासायला घेतली, तर तो मुलगा म्हणाला, "धुवायची गरज नाही. फक्त 'लोफलराइन' हवी." म्हणजे चमच्याने निपटून स्वच्छ. उगाच पाणी घालवू नये, पण आत अन्नही राहू नये. या एका गोष्टीसाठी जर्मन भाषेने स्वतंत्र शब्द पाडलाय, हे कळल्यावर माझा त्या भाषेबद्दलचा आदर वाढला. आमच्याकडे याला शब्द नाही, आजी आहे. आजीने निपटलेल्या बाटलीत मुंगीसुद्धा निराश होते.

पण धुऊन, निपटून, वाळवूनही बाटली काही घराबाहेर पडेना. कारण मला कोणीतरी 'फांट'बद्दल सांगितलं. फांट म्हणजे बाटलीची अनामत. एकदाच वापरायची प्लास्टिकची बाटली किंवा पेयाचा पत्र्याचा डबा यंत्रात टाकला की २५ सेंट परत, बिअरच्या काचेच्या बाटलीचे ८, दह्याच्या ठरावीक बरणीचे १५. रद्दीवाल्याशी आठाण्यावरून घासाघीस करणाऱ्या घराण्यात माझा जन्म झालेला. मी बाटली पिशवीत घालून वाण्याच्या दुकानातल्या यंत्राकडे गेलो. यंत्राच्या गोल तोंडात ती आडवी ठेवली. यंत्राने ती आत ओढली, गोल गोल फिरवली, सगळ्या बाजूंनी पाहिली, आणि परत केली. मी उलटी ठेवली. परत. मागे रांग लागली होती. तिसऱ्यांदा यंत्राने ती जरा जोरातच बाहेर ढकलली, असं मला वाटलं. मागच्या आजोबांनी हात पुढे करून बाटली घेतली, तिच्या बुडाला बघितलं, आणि मान हलवून माझ्या हातात परत दिली. स्थळ आवडलं नाही की मुलाकडचे फोटो देतात, तशी.

त्यानंतर ती माझ्या खिडकीत बसली. दिवस भराभर जात होते. तासाची वेळ दहाची लिहिलेली असते आणि तास सव्वादहाला सुरू होतो, आणि हे तिथे अधिकृत आहे, शेकडो वर्षांचं! या एका बाबतीत मी पहिल्या दिवसापासून तयार होतो. तास संपला की टाळ्या न वाजवता बाकावर बोटांच्या पेरांनी टकटक करायची, हेही जमलं. जमलं नाही ते दक्षिण आशियाच्या तासाला बसणं. इथल्याच विद्यापीठातले अभ्यासक गुंथर सोन्थायमर महाराष्ट्रात येऊन धनगरांबरोबर रानोमाळ हिंडले, मराठी शिकले, खंडोबा आणि बिरोबावर त्यांनी आयुष्य घातलं. साहजिकच खंडोबाचा विषय निघाला आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जेजुरीला एकदाच गेलोय, वयाच्या चौथ्या वर्षी, काकांच्या खांद्यावर. माझ्या समोर बसलेली मुलगी तीनदा जाऊन आली होती आणि तिला म्हाळसा-बाणाईचं भांडण मुळापासून माहीत होतं. मी भंडारा पिवळा असतो, एवढी मौलिक भर घातली. पिवळा म्हटल्यावर मला कचऱ्याचा डबाच डोळ्यांपुढे आला, हे मात्र बोललो नाही.

एका रविवारी मनाचा हिय्या करून मी बाटली उचलली. दुकानं बंद, रस्ते ओस, आता कोण बघतंय! पेटीपाशी पोचलो आणि वरची पाटी वाचली: रविवारी आणि सणावारी काच टाकू नये, खळ्ळकन आवाज होतो, लोकांच्या शांततेचा भंग होतो. मी आदल्याच दिवशी इथल्या विद्यापीठाची जुनी कोठडी बघून आलो होतो. सतराशे अठ्ठ्याहत्तर ते १९१४ या काळात रात्री दंगा करणाऱ्या, पिऊन धुडगूस घालणाऱ्या विद्यार्थ्यांना विद्यापीठच तिथे डांबायचं. पोरं आत बसून भिंतींवर आपापली चित्रं आणि नावं रंगवायची, अजून आहेत. कोठडीत आता कोणाला डांबत नाहीत, हे मला माहीत होतं. पण एका हॉर्लिक्सच्या बाटलीसाठी ती उघडली तर? मी बाटली घेऊन परत फिरलो. समोरून एक आजी कुत्रा घेऊन येत होत्या. त्यांनी माझ्याकडे, बाटलीकडे आणि पेटीकडे पाहिलं, आणि समाधानाने मान डोलावली. हायडेलबर्गात मला मिळालेली ही पहिली शाबासकी.

शेवटी फेब्रुवारीत, एका मंगळवारी, सकाळी अकरा वाजता, सर्व कायदेशीर बाजू तपासून मी पांढऱ्या काचेच्या पेटीसमोर उभा राहिलो. झाकण काढलं, कारण झाकण पिवळ्यात जातं. पण या झाकणाच्या आत एक पुठ्ठ्याची चकती होती, म्हणजे ती निळ्यात? ते प्रकरण दुपारवर ढकलून झाकण खिशात घातलं आणि बाटली पेटीच्या भोकातून आत सोडली. खळ्ळ! तो आवाज कायदेशीर होता. मी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला.

अर्ध्या मिनिटात आईचा फोन.

"काय टाकलंस रे?"

"लोणच्याची बाटली. व्यवस्थित निपटून, वेळ बघून..."

"हॉर्लिक्सची?"

"हो."

पलीकडे बराच वेळ काही नाही. मग मागून आजीचा आवाज, "बाटली टाकली? काचेची? टाकली म्हणजे, टाकली?" साडेतीन महिने जर्मनीतला एकही माणूस मला सांगू शकला नव्हता ते आमच्या घरी सगळ्यांना ठाऊक होतं. बाटली कुठे टाकायची, तर टाकायची नाही.

मी पेटीच्या भोकात डोकावून पाहिलं. आत अंधार, आणि खूप खाली काचेचा चुरा. मागून परत त्याच आजी कुत्र्यासकट येत होत्या, म्हणून डोकं बाहेर काढलं.

"झाकण?" आईने विचारलं.

"ते आहे. खिशात."

"मग ते तरी घेऊन ये."

मार्चअखेर मी परत आलो. सामानात तेवीस किलोंच्या आत बसवलेली पुस्तकं होती, चॉकलेटं होती, आणि बाबांच्या पंचात गुंडाळलेलं एक झाकण. आजीने ते हातात घेतलं, मागच्या फळीवरून रवा भरलेली दुसरी हॉर्लिक्सची बाटली काढली. तिच्या तोंडाला कित्येक वर्षं प्लास्टिकचा कागद आणि रबर लावलेला होता. आजीने रबर काढलं आणि झाकण फिरवलं.

बसलं. जरा कुरकुरतं, पण बसलं.