बिल मी कधीच पाहत नाही

मिरजेच्या आमच्या एमबीबीएस बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका मित्राने महामार्गावरच्या फलकाचा फोटो टाकला: ‘आता शस्त्रक्रिया करणार रोबोट!’ खाली त्याने लिहिलं, ‘निव्वळ धंदा. ज्याच्या हातात कला नाही, त्याने यंत्र आणावं.’ धडाधड अंगठे पडले. मला ते लागलं. गेली सात वर्षं इंग्लंडमध्ये, शेफील्डला, गुदाशयाच्या कॅन्सरची ऑपरेशनं मी याच यंत्रावर करतो आहे.

मुळात फलकच चुकीचा आहे. रोबोट स्वतःहून काहीच करत नाही. पेशंटपासून थोड्या अंतरावर मी कन्सोलवर, म्हणजे रोबोट चालवायच्या टेबलाशी, बसतो. माझी बोटं वळतील तशी आतली अवजारं वळतात, मी थांबलो की थांबतात. पुरुषाचं अरुंद ओटीपोट, त्यात चरबी, आणि लघवीच्या, लैंगिक क्रियेच्या नसा अगदी चिकटून. दुर्बिणीच्या सरळ अवजारांनी तिथे काम करताना खांदे भरून यायचे. रोबोटची अवजारं मनगटासारखी फिरतात, चित्र मोठं आणि त्रिमितीत दिसतं, हाताचा कंप गाळला जातो. दिवसाच्या लिस्टमधली दुसरी केस संपतानाही माझी मान जागेवर असते. कला लागतेच. हातांनी बघायची सवय मोडून डोळ्यांनी स्पर्श ओळखायला मला वर्ष गेलं.

दुसरा एकजण म्हणाला, ‘ही गोऱ्यांची खेळणी.’ अरे, केंब्रिजचा व्हर्सियस रोबोट माणसांवर पहिल्यांदा वापरला गेला तो पुण्यात, 2019 साली! गुरुग्रामचा एसएसआय मंत्रा तर आपलाच. ऑपरेशन थिएटरमध्ये मी हे कौतुकाने सांगतो, रजिस्ट्रार, म्हणजे हाताखालचे डॉक्टर, ऐकतात. आणि ग्रुपवर? चकार शब्द नाही. इथे एनएचएसने, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेने, 2025 मध्ये जाहीर केलं की वर्षाला 70 हजारांच्या आसपास होणारी रोबोटिक ऑपरेशनं 2035 पर्यंत 5 लाखांवर न्यायची. ते काय नफ्यासाठी? एनएचएसचं हे मात्र मी ग्रुपवर लिहिलं आणि वाद जिंकल्यासारखं वाटलं.

जे लिहिलं नाही, ते आता लिहितो. गुदाशयाच्या कॅन्सरवरची रोलार ही चाचणी 2017 साली छापून आली. 10 देशांतले 471 पेशंट. ऑपरेशन अर्ध्यावर सोडून पोट उघडावं लागलं ते दुर्बिणीच्या गटात 12.2 टक्के, रोबोटच्या गटात 8.1 टक्के. फरक दिसतो, पण संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरत नाही. 2018 साली तर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये दुर्बीण किंवा रोबोट वापरलेल्या बायकांपेक्षा पोट उघडून ऑपरेशन झालेल्या बायका जास्त जगल्या, असं मोठ्या चाचणीत दिसलं. माझा विश्वास माझ्या पेशंटवरून आला आहे, आणि तो खरा आहे. पण मित्राच्या ‘धंदा’ या शब्दामागचा प्रश्न वेगळाच होता: पैसे कोण भरणार? माझ्या क्लिनिकमध्ये येणारा माणूस पार्किंगचे पैसे देतो, बाकी काही नाही. बिल मी कधीच पाहत नाही. मित्रासमोर येणारा माणूस रोबोटसाठी रान विकतो, आणि विमा असला तरी रोबोटला वेगळी मर्यादा असू शकते. हे मला माहीत होतं. तरी मी एनएचएसचे आकडे त्याच्या तोंडावर फेकले.

चार वर्षांपूर्वी सांगलीत आईचं आतडं बंद पडलं. गाठ होती. रात्री दोनला फोन आला आणि मी म्हणालो, ‘पुण्याला न्या, तिथे रोबोट आहे.’ पलीकडे हाच मित्र होता. ‘पुणं सव्वादोनशे किलोमीटर आहे. वाटेत जाईल ती. मी पोट उघडतोय,’ म्हणाला आणि फोन ठेवला. अशा इमर्जन्सीत मी स्वतःही पोटच उघडलं असतं, पण त्या क्षणी मी सर्जन नव्हतो, लांब राहिलेला मुलगा होतो. पहाटे त्याचा मेसेज आला: ‘काकू ठीक.’ मला विमान मिळालं तिसऱ्या दिवशी. पोहोचलो तेव्हा आई उठून बसली होती आणि मित्राची बायको तिला पेज भरवत होती.

ग्रुपवर मला कुणी पेशंटबद्दल विचारत नाही. विचारतात ते मुलांच्या पीएलएबीबद्दल (ब्रिटनमध्ये डॉक्टरकी करायची परीक्षा), व्हिसाबद्दल. मीही कधी विचारलं नाही, ‘आज काय केलंस?’ आई मात्र अजून भेटेल त्याला पोटावरचा व्रण कुठून कुठपर्यंत आहे ते बोटाने दाखवते आणि सांगते, ‘त्याचा हात फार हलका.’ माझा हात तिने कधी पाहिलेला नाही.