'पोको' पाठ केलं की झालं? अजिबात नाही

सध्या एक पोस्ट जिकडेतिकडे फिरतेय. म्हणे इंग्रजीत फ्यू, अ फ्यू, लिटल, अ लिटल एवढ्या भानगडी, स्पॅनिशमध्ये मात्र सगळ्याला एकच शब्द 'पोको', इंग्रजीतलं ते 'अ' असलं काय नसलं काय सारखंच, अ फ्यू म्हणजे 3, आणि स्पॅनिश शिकताना मराठी डोक्यातून काढून टाका. नवीन शिकणारे हे खरं धरून बसतात म्हणून लिहितेय.

आधी 'अ'. आय हॅव अ फ्यू फ्रेंड्स म्हणजे आहेत चार मित्र, बरं चाललंय. 'अ' काढला की मित्र फारसे नाहीतच. आपल्याकडे हेच काम 'च' करतो, टाकीत थोडं पाणी आहे म्हटलं तर कोणी हलत नाही पण थोडंच आहे म्हटलं की बादल्या भरायला पळापळ. आणि 3 चं म्हणाल तर क्वाइट अ फ्यू म्हणजे चक्क बरेच!

पोको एकच शब्द? आपल्या थोडा-थोडी-थोडेसारखा तोही बदलतो, पोको तिएम्पो (थोडा वेळ), पोका आग्वा (थोडं पाणी), पोकोस आमिगोस (थोडे मित्र). आग्वाच्या आधी 'एल' हे पुल्लिंगी नामाआधी लागणारं उपपद बघून लोक फसतात पण शब्द स्त्रीलिंगीच आहे म्हणून पोका. थोडंसं पाणी हवं असेल तर उन पोको दे आग्वा, इथे पोको बदलत नाही, पण मित्र मोजता येतात तिथे उनोस पोकोस आमिगोस.

खरा घोळ विशेषणाशी होतो. आमच्या क्लासमध्ये एकीला धडा थोडा अवघड वाटला, ती म्हणाली 'एस पोको दिफीसिल', त्याचा अर्थ झाला फारसा अवघड नाही, सरांनी लगेच पुढचा धडा काढला आणि ती बिचारी गप्प बसली. 'उन पोको दिफीसिल' हवं होतं, एवढ्याशा 'उन'ने अर्थ उलटा झाला.

आणि मराठी काढून टाका हे तर मला पटतच नाही. 'मे फाल्ता तिएम्पो' म्हणजे मला वेळ कमी पडतो, कर्ता वेळ, मी नाही, इंग्रजीतून गेलात की 'मी'पासूनच सुरुवात करणार. आपेनास म्हणजे आपलं जेमतेम. लॅटिन अमेरिकेत महिनाअखेरीला 'नो मे आल्कान्सा एल दिनेरो' म्हणतात, मला पैसे पुरत नाहीत, यात 'मे' म्हणजे सरळ आपलं 'मला'.