अकरावीतल्या मुलीचं संशोधन पालकांनी कसं करावं

मुलगी अकरावी सायन्सला गेली की पहिलं काम क्लासची फी भरणं आणि दुसरं काम संशोधन. दुसरंही तुम्हालाच करायचंय, कारण पहिल्यामुळे तिला वेळ उरत नाही.

स्पर्धांना तोटा नाही. तालुका, जिल्हा, राज्य अशी चढत जाणारी विज्ञान प्रदर्शनं आहेत. 1993 पासून चालत आलेली राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद आहे. तिथे वयाची अट 10 ते 17, म्हणजे अकरावीवाल्यांची ही शेवटची एसटी. झेप मोठी असेल तर अमेरिकेत दरवर्षी भरणारा आयसेफ हा आंतरराष्ट्रीय विज्ञान मेळा, नववी ते बारावीसाठी. पण तिथली माणसं भलतीच चिकट. माणसांवर किंवा प्राण्यांवर प्रयोग करायचा तर आधी परवानगी काढा, गोषवारा 250 शब्दांत बसवा, असले हट्ट. एवढी शिस्त आपल्याला कशाला? आपण तालुक्यापासून सुरुवात करू.

आता विषय. इथे मुलीला फार बोलू देऊ नका. समजा ती म्हणाली, "बाबा, पावसाळ्यात आजीच्या आडाचं पाणी गढूळ येतं. पूर्वी म्हणे माठाला आतून निवळीचं बी घासायचे. निवळी आता मिळत नाही. शेवग्याच्या बिया चालतील का?" तर कौतुकाने मान डोलवा आणि विषय बदला. शेवगा! आमटीतला! परीक्षकांना काय जेवायला बोलावलंय? शीर्षक असं हवं: 'नॅनो तंत्रज्ञान व कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित शाश्वत जलशुद्धीकरण: एक अभिनव प्रारूप'. यात नॅनो कुठे आहे, असं कोणी विचारत नाही. दिसत नाही म्हणून तर नॅनो.

तरीही ती ऐकणार नाही. वाळलेल्या शेंगा फोडून, बिया सोलून, खलबत्त्यात कुटून ती चार बाटल्यांत प्रयोग मांडेल आणि बाटल्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवेल. तास-दोन तासांत गाळ तळाला बसेल. बियांतली प्रथिनं मातीच्या बारीक कणांना एकत्र ओढतात, गोळे जड होतात, खाली जातात. इथवर सगळं छान, फोटो काढून घ्या. घोटाळा पुढे आहे. दोन-तीन दिवसांनी ती बाटलीचं झाकण उघडेल आणि म्हणेल, "बाबा, वास येतोय."

येणारच. पाणी निवळलं, पण बियांतलं बाकीचं सेंद्रिय द्रव्य पाण्यातच राहिलं आणि कुजायला लागलं. म्हणजे हे पाणी साठवून ठेवण्याजोगं नाही. मुलीला वाटेल, आपल्याला काहीतरी सापडलं. तिला वेळीच समजवा की स्पर्धेत जे सापडायचं ते आधीच ठरलेलं असतं. 1887 साली मायकेलसन आणि मॉर्ले या शास्त्रज्ञांनी ईथर (प्रकाश ज्यातून प्रवास करतो असं तेव्हा मानत, ते माध्यम) शोधायला केवढा खटाटोप केला आणि हाती आलं काय, तर ईथरचा पत्ता नाही. पुढे भौतिकशास्त्राची दिशा बदलली म्हणतात, बदलली असेल. आपल्या तालुक्याला ते दोघे आले असते, तर उत्तेजनार्थवर सुद्धा नाव लागलं नसतं. तेव्हा वासाचा परिच्छेद काढून टाका आणि लिहा, 'निष्कर्ष: 100 टक्के यशस्वी'.

नोंदवही हा नाजूक भाग. ती आदल्या रात्रीच लिहायची, पण तीन महिने लिहिल्यासारखी दिसली पाहिजे. त्यासाठी चार पेनं घ्या: दोन निळी, एक काळं, एक मध्येच शाई सोडणारं. पाचव्या पानावर कपाचं गोल वर्तुळ उमटवा, बाराव्याचा कोपरा दुमडा. आकडे सारखे येऊ देऊ नका, 7.2 नंतर 7.1, मग 7.3. आमच्या ओळखीतल्या एका उत्साही काकांनी गणेश विसर्जनाच्या दिवशी कॉलेजच्या प्रयोगशाळेत दोन निरीक्षणं टिपली होती. चतुर्दशीला शिपाईसुद्धा मिरवणुकीत असतो हो. कॅलेंडर समोर ठेवूनच खोटं लिहावं.

मग मांडणी. विषय पर्यावरणाचा असल्यामुळे थर्माकोल भरपूर लागेल. बंदी 2018 सालीच आली, हे खरं. पण स्टेशनरीवाल्याकडे हळू आवाजात विचारा, तो आतून आणून देईल. वर फ्लेक्स, कडेने लुकलुकणारी एलईडीची माळ. मुलीचा फोटो मोठा, शेवग्याचा लहान.

प्रदर्शनाचं उद्घाटन दहाला आहे, म्हणजे साडेबाराला होईल. तोवर तिच्याकडून भाषण घोटून घ्या. परीक्षक एका स्टॉलवर दोन-तीन मिनिटं थांबतात, तेवढ्यात ते एका दमात संपलं पाहिजे. धोका एकच. एखादे परीक्षक, बहुधा निवृत्त शिक्षक, माळेकडे न बघता बाटली उचलतात आणि विचारतात, "बेटा, हे पाणी चार दिवस ठेवलं तर काय होतं?" अशा वेळी मुलीचे डोळे एकदम चमकतात आणि ती पाठ केलेलं सगळं विसरून बोलू लागते. तुम्ही मागे उभं राहून खोकत राहा.

बक्षीस मिळालं की प्रमाणपत्र फ्रेम करून हॉलमध्ये लावा, स्टेटसला टाका. आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या त्या बाटल्यांचं तेवढं बघा. आता सहा झाल्या आहेत. नव्या दोन बाटल्यांत तिने पाणी फडक्यातून गाळून भरलंय, चिकटपट्टीवर तारीख घातली आहे आणि पुढे पेन्सिलीने लिहिलंय, 'वास?' स्पर्धा तर संपली. पाहुणे यायच्या आत ओतून टाका.