एसीमध्ये नोडल चालतं, रीडिंग ‘ॲडजस्ट’ करायची गरज नाही

गेल्या महिनाभरात एकच मेसेज मला चौघांनी पाठवला. दोन खानापूर साइडची डिप्लोमाची पोरं, एक निपाणीची मुलगी, आणि एक बेळगावच्या उद्यमबागेत पॅनेलच्या दुकानात काम करणारा पोरगा, जो आता संध्याकाळी क्लासला जातोय. मेसेज थोडक्यात असा: नोडल ॲनॅलिसिस (सर्किटमधल्या प्रत्येक जोडाचं, म्हणजे नोडचं, व्होल्टेज काढायची रीत) डीसीचं आहे, एसीत नोडवर करंटची बेरीज जुळत नाही कारण तिथं केसीएल (किर्कहॉफचा करंटचा नियम) फक्त ‘अंदाजे’ लागू होतो, खोटं वाटत असेल तर लॅबमध्ये करून बघा, गणित आणि मीटर कधीच जुळणार नाहीत, दोन जनरेटर लावले तर अजिबातच नाही, म्हणून एसीला मेशच (सर्किटच्या बंद फेऱ्यांवर समीकरणं मांडायची रीत) वापरा, सॉफ्टवेअरवालेसुद्धा नोडल वापरत नाहीत, आणि प्रॅक्टिकलला रीडिंग ॲडजस्ट करून लिहा, सगळे तेच करतात.

मी बरीच वर्षं इलेक्ट्रिकलच्या लॅबमध्ये काढलीत, आता पंप आणि पॅनेलची कामं करतो, आणि हा मेसेज वाचून खरंच वाईट वाटलं. आपल्या भागातली पोरं दहावीपर्यंत विद्युतधारा, विभवांतर असं मराठीत शिकतात, मग डिप्लोमाला पुस्तक इंग्लिश, लॅबमध्ये निम्मं कन्नड निम्मं मराठी, रेकॉर्ड बुक परत इंग्लिश. अशा वेळी कुणीतरी साध्या मराठीत चार ओळी लिहून पाठवल्या की त्या पटतात की ओ, बरोबर असोत नाहीतर चूक. म्हणून हे मराठीतच लिहितोय.

आधी ते ‘अंदाजे’. केसीएल अंदाजे नाही. किर्कहॉफनं हे नियम १८४५ मध्ये मांडले, तेव्हा तो स्वतः विद्यार्थी होता, आणि नियम एवढाच सांगतो की कुठल्याही क्षणी नोडमध्ये जेवढा करंट येतो तेवढाच बाहेर जातो. ‘कुठल्याही क्षणी’ हे महत्त्वाचं. ५० हर्ट्झला एक सायकल २० मिलिसेकंदांची असते, त्यातला कुठलाही क्षण पकडा, बेरीज जुळतेच. पण मीटर आपल्याला क्षण दाखवत नाही, अख्ख्या सायकलचा मिळून एक आरएमएस आकडा दाखवतो, आणि वेळ तिथंच गळून पडते. रेझिस्टरचा करंट आणि कपॅसिटरचा करंट एकाच नोडवरून निघाले तरी कपॅसिटरचा पीक ५ मिलिसेकंद आधी येतो, मग दोन्हींचे आरएमएस आकडे सरळ मिळवून कसं चालेल? हा नियम खरोखर ढिला कधी पडतो, तर सर्किटचा आकार वेव्हलेंग्थच्या जवळपास जायला लागला की. ५० हर्ट्झची वेव्हलेंग्थ ६००० किलोमीटर आहे आणि आपलं लॅबचं टेबल दोन मीटरचं.

आता मेसेजमध्ये म्हटलंय ना करून बघा, तर करून बघूया. फंक्शन जनरेटर, ५० हर्ट्झ साइन, १० व्होल्ट आरएमएस. तेवढा नाही मिळाला तर १२ व्होल्टचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या आणि आकडे त्या प्रमाणात वाढवा. (डिमरस्टॅटवरून डायरेक्ट घेऊ नका, त्यावर १० व्होल्ट दिसले तरी मेनपासून आयसोलेशन नसतं, न्यूट्रल-फेज उलटं असेल तर हात लावाल आणि बसेल.) सप्लायपासून १ के, म्हणजे १००० ओहमचा रेझिस्टर, मग नोड ए, आणि नोड ए पासून ग्राउंडला दोन फांद्या: एक १ के चा रेझिस्टर, दुसरा ३.३ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. कपॅसिटर फिल्मचाच घ्यायचा, इलेक्ट्रोलिटिक नाही, त्याला प्लस-मायनस असतं.

कपॅसिटरचा रिॲक्टन्स, म्हणजे एसीला त्याचा अडथळा, ९६५ ओहम येतो. आता मेसेज लिहिणाऱ्यानं काय केलं असणार ते मला नक्की माहीत आहे, कारण दरवर्षी निम्मी बॅच हेच करते: ९६५ ओहमचा ‘रेझिस्टर’ समजून डीसीसारखं नोडल लावायचं. त्यानं नोड ए चं व्होल्टेज ३.२९ येतं, मीटर लावला तर ४.४४. झालं, नोडल फेल!

पण चूक नोडलची नाही, ‘जे’ (९० अंशाचा कोन दाखवणारा, कॉम्प्लेक्स नंबरमधला j) गाळला त्याची आहे. ॲडमिटन्स (अडथळ्याचा उलटा, १ भागिले ओहम) घ्या, मिलिसीमेन्समध्ये: दोन रेझिस्टरचे १ आणि १, कपॅसिटरचा जे१.०३७. नोडचं समीकरण एकच, (२ + जे१.०३७) गुणिले व्हीए (नोड ए चं व्होल्टेज) बरोबर १०. सोडवलं की ४.४४ व्होल्ट, आणि कोन उणे २७.४ अंश. मीटर तेच दाखवतो. खालच्या रेझिस्टरमधून ४.४४ मिलिॲम्पिअर, कपॅसिटरमधून ४.६०, सरळ बेरीज ९.०४, पण सप्लायकडून येणारा करंट ६.३९, कारण दोघांमध्ये ९० अंशाचं अंतर आहे आणि काटकोन त्रिकोणाचा कर्ण तेवढाच येतो. पायथागोरस शाळेतलाच आहे. आणि जाता जाता हेही बघा, वरच्या रेझिस्टरवर ६.३९ व्होल्ट आणि नोडवर ४.४४, मिळून १०.८३, सप्लाय मात्र १०. म्हणजे बेरीज करंटचीच नाही, व्होल्टेजचीपण ‘जुळत नाही’. मग मेश वापरून काय फरक पडणार? मेश केव्हीएलवर (किर्कहॉफचा व्होल्टेजचा नियम) उभं आहे, तिथंही कोन गाळला की हेच रडगाणं.

कोनासकट गणित करायची ही युक्ती काय कालची नाही, चार्ल्स स्टाइनमेट्झनं १८९३ मध्ये शिकागोच्या इलेक्ट्रिकल काँग्रेसमध्ये कॉम्प्लेक्स नंबर वापरून एसी सोडवायची रीत मांडली. तेव्हापासून डीसीची जवळजवळ प्रत्येक पद्धत एसीला तशीच्या तशी लागते, नोडल, मेश, सुपरनोड, थेवेनिन, सगळं, फक्त आर (रेझिस्टन्स) च्या जागी झेड (कोनासकट अडथळा, इम्पीडन्स).

ज्यांना लॅब लांबची वाटते त्यांनी हुक्केरी, चिकोडी, अथणीकडं कुठल्याही उसाच्या मळ्यात पंपाच्या पेटीजवळ उभं राहावं. समजा मोटर एका फेजला ७ ॲम्पिअर घेतेय, पॉवर फॅक्टर (करंट व्होल्टेजच्या किती मागं-पुढं आहे त्याचं माप) ०.८. पेटीत कपॅसिटर जोडला, तो एकटा ३ ॲम्पिअर घेतो. क्लॅम्प मीटर मोटरच्या वायरला ७, कपॅसिटरच्या वायरला ३, आणि मेन वायरला? १० नाही, ५.७. नवीन फांदी जोडली आणि एकूण करंट कमी झाला! मी पहिल्यांदा हे दाखवलं तेव्हा एका शेतकरी काकांनी क्लॅम्प मीटर हातात घेऊन तीनदा फिरवून बघितला आणि म्हणाले, तुझा मीटर गेलाय. मीटर गेला नव्हता. मोटरचा करंट मागं राहतो, कपॅसिटरचा पुढं पळतो, दोघं एकमेकांना खातात. नोडवर केसीएल लागू होत नसता तर पॉवर फॅक्टरचं एकही पॅनेल चाललं नसतं, आणि माझ्यासारख्याचा धंदापण.

तरी एक गोष्ट मान्य करतो, ‘जे’ धरूनसुद्धा लॅबमध्ये आकडे थोडे हलतात, तिसऱ्या अंकापर्यंत कधीच जुळत नाहीत. त्याला कारणं आहेत आणि ती शोधण्यातच तर प्रॅक्टिकल आहे. कपॅसिटरवर ३.३ छापलेलं असतं पण १० टक्के इकडं तिकडं चालतं, म्हणून आधी एलसीआर मीटरवर मोजून घ्या. कॉइल असेल तर तिच्या तारेचा रेझिस्टन्स धरायचा, ट्यूबलाइटचा जुना चोक घेऊन त्याला शुद्ध इंडक्टर समजणं म्हणजे स्वतःला फसवणं आहे. जनरेटरच्या पोटात ५० ओहम असतात, आपल्या १ के पुढं ते किरकोळ, पण तुम्ही १०० ओहम लावले तर व्होल्टेज बसणारच. स्वस्तातला मीटर साइनसाठीच कॅलिब्रेट केलेला असतो, त्याला स्क्वेअर वेव्ह दिली तर ११ टक्के जास्त दाखवतो. आणि बऱ्याच स्वस्त मीटरना एसी करंटची रेंजच नसते, पोरं डीसीच्या रेंजवर ठेवतात आणि शून्य आलं म्हणून वैतागतात. तिथं सोपं असं करा की १ के वरचे व्होल्ट मोजा, जेवढे व्होल्ट तेवढे मिलिॲम्पिअर. कपॅसिटरच्या फांदीत ग्राउंडच्या बाजूला १० ओहम घाला आणि त्यावर मोजा.

कोनसुद्धा मोजता येतो, स्कोप असतो की प्रत्येक लॅबमध्ये. चॅनेल एक सप्लायला, चॅनेल दोन नोड ए ला, टाइमबेस ०.५ मिलिसेकंद. दोन्ही लाटा शून्य ओलांडतात त्यातलं अंतर तीन घरं, म्हणजे दीड मिलिसेकंद, आणि २० मिलिसेकंदांत ३६० अंश तर दीडमध्ये २७. हे पडद्यावर स्वतः मोजलेलं पोरगं परत कधी ‘जे’ विसरत नाही, मी बघितलंय. फक्त दोन्ही प्रोबच्या काळ्या क्लिपा ग्राउंडलाच लावा, त्या आतून एकच असतात, एक जरी मधल्या नोडला लावली तर तो नोडच ग्राउंड होतो, आणि मग परत ‘केसीएल फेल’.

दोन जनरेटरवाल्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, पण निष्कर्ष उलटा काढलाय. दोन वेगळे जनरेटर दोन्ही ५० वर ठेवले तरी एक ५०.० देतो आणि एक ५०.१, मग दर १० सेकंदांनी रीडिंग एकदा वर एकदा खाली असं झोके घेतं, टेबलावर बसून मोजलं तर दिसतं. एकाच समीकरणात दोन फ्रिक्वेन्सीचे फेजर (कोनासकट आकडे) घालताच येत नाहीत. प्रत्येक फ्रिक्वेन्सीला वेगळं नोडल करायचं, आणि आरएमएसची बेरीज वर्ग करून, मिळवून, वर्गमूळ. नाहीतर एकाच ट्रान्सफॉर्मरचे दोन सेकंडरी घ्या, प्रश्नच मिटला.

सॉफ्टवेअरबद्दल एकच सांगतो. सर्किट सोडवायचं सॉफ्टवेअर स्पाइस १९७० च्या दशकात बर्कलेत तयार झालं, आणि त्याचा गाभाच नोडल आहे, मॉडिफाइड नोडल म्हणतात त्याला. एसी ॲनॅलिसिस दिलं की ते हेच कॉम्प्लेक्स समीकरण सोडवतं. मोठ्या ग्रिडचा लोड फ्लोसुद्धा (कुठून किती पॉवर वाहते त्याचा हिशोब) वाय-बसवर, म्हणजे नोडच्या ॲडमिटन्सवर काढतात. मेश तिथं कोण मांडत बसणार?

राहिलं रीडिंग ॲडजस्ट करणं. निपाणीच्या त्या मुलीनं मला रेकॉर्डचं पान पाठवलं होतं, टोटल करंटच्या रकान्यात ६.३ खोडून ९.० केलेलं, म्हणजे खरं रीडिंग खोडून चूक बेरीज लिहिलेली. तिला म्हटलं, अगं तुझा पहिला आकडाच बरोबर होता, कपॅसिटर मोजलास का? दुसऱ्या दिवशी मोजला, ३.१ भरला. नवीन पानावर तिनं लिहिलं: रेझिस्टर ४.५, कपॅसिटर ४.४, टोटल ६.३, आणि खाली पट्टीनं स्केलवर काढलेला त्रिकोण. सोबत एवढंच, “सर, त्रिकोण बंद झाला की.”