सशाच्या रक्ताचे सव्वापाच कोटी

सध्या आष्ट्यापासून तासगावपर्यंत एक मेसेज फिरतोय. आमच्या भावकीच्या ग्रुपवर तो तात्यांनी टाकला. मजकूर असा: ‘ऊस सोडा, ससे पाळा. सशाच्या रक्तात माणसाच्या एसीई-२ एन्झाइमची अँटिबॉडी असते. कंपन्या १०० मायक्रोलिटरला ३५ हजार मोजतात. एका सशाचं रक्त १५० मिली, म्हणजे सव्वापाच कोटी! परवाना लागत नाही. कोरोनावरही हेच औषध.’ खाली कॅटलॉगचा फोटो आणि दहा माद्या, दोन नर अशा ‘युनिट’ची जाहिरात.

मी मिरजेत पॅथॉलॉजी लॅबमध्ये स्लाइड रंगवतो. सशाच्या अँटिबॉडीची इवलीशी ट्यूब रोज हातात असते, म्हणून हा खटाटोप. अँटिबॉडी म्हणजे परक्या गोष्टीविरुद्ध शरीर बनवतं ते, नेमकं तिलाच चिकटणारं प्रथिन.

गुणाकार बरोबर आहे, तो मीही करून बघितला: १०० मायक्रोलिटर म्हणजे मिलीचा दहावा भाग. चूक त्याच्या आधीची आहे. सशाच्या रक्तात ती अँटिबॉडी ‘असते’ म्हणे. नसते, ती करवून घ्यावी लागते. शिराळ्याकडच्या माणसाला हे लगेच कळेल. सर्पदंशावरचं इंजेक्शन घोड्याच्या रक्तातून येतं, पण टांग्याच्या घोड्याच्या नव्हे. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांचं विष थोडं थोडं टोचून तयार केलेल्या घोड्याच्या.

सशाचंही तेच, फक्त विषाच्या जागी माणसाचं प्रथिन. एसीई-२ हे ८०५ अमिनो आम्लांचं (प्रथिनाच्या माळेतल्या मण्यांचं) एन्झाइम पेशीच्या पटलात रोवलेलं असतं. बहुतेक भाग बाहेर, छोटी शेपटी आत. रक्तदाब वाढवणारं अँजिओटेन्सिन-२ कातरणं हे त्याचं काम. पटलात रुतलेला भाग तेलकट, पाण्याशी त्याचं जमत नाही. म्हणून पुष्कळदा बाहेरच्या भागातला किंवा शेपटीचा पंधरा-वीस अमिनो आम्लांचा तुकडा लॅबमध्ये बनवतात. तोही माणसाचा आणि सशाचा जिथे वेगळा पडतो तिथलाच निवडलेला बरा, नाहीतर ससा त्याला घरचाच समजून सोडून देतो. एवढ्याशा तुकड्याची तशीही दखल घेतली जात नाही, म्हणून तो गोगलगायीच्या जातकुळीतल्या एका समुद्री प्राण्याच्या मोठ्या प्रथिनाला जोडतात. मग टोचायचं, काही आठवड्यांनी पुन्हा टोचायचं, असं दोन-तीन महिने.

आता सव्वापाच कोटींकडे येऊ. रक्तातल्या पेशी काढल्या की निम्म्याच्या आसपास सीरम उरतं. त्यात अँटिबॉडी असतात, पण त्या ससा जन्मभर ज्या ज्या जंतूंशी झगडला त्या सगळ्यांविरुद्धच्या. आपल्या कामाची त्यातली थोडीच. तोच तुकडा आत चिकटवलेल्या कॉलममधून, म्हणजे गाळणीसारख्या नळीतून, सीरम सोडून तेवढी वेगळी करायची. मग ती खरंच एसीई-२ लाच पकडते का, ते तपासायचं. वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे प्रथिनं वजनानुसार वेगळी करून अँटिबॉडी कुठे चिकटते ते बघायच्या चाचणीत, पट्टी १२० किलोडाल्टनच्या (हे रेणूच्या वजनाचं माप) आसपास दिसायला हवी. हिशेबाने प्रथिन ९२ चंच, पण अंगावर साखरेच्या साखळ्या लगडलेल्या, म्हणून जड. आणि ज्या पेशींतून एसीई-२ चं जनुकच काढून टाकलंय, तिथे पट्टी दिसता कामा नये. दिसली तर महिन्यांची मेहनत बेसिनमध्ये. ३५ हजार जातात ते या खात्रीचे. मिरजेच्या सतारीची किंमत बघून भोपळ्याचा भाव ठरवला, तसा हा मेसेज आहे. शिवाय ती ट्यूब आम्ही शेकडो पट पातळ करून वापरतो, एक घेतली की महिनोन्‌महिने पुरते.

परवान्याचं तर साफ खोटं. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० सालचा, प्रयोगाच्या प्राण्यांची पैदास आणि प्रयोग यांचे नियम १९९८ चे. केंद्राच्या समितीकडे नोंदणी लागते, संस्थेत नीतिसमिती लागते. गोठ्यालगतच्या शेडमधला ससा यात बसत नाही.

औषधाबद्दल थोडक्यात. कोरोनाचा विषाणू एसीई-२ ला धरून पेशीत शिरतो, हे खरं. पण त्या ट्यूबवर ‘फक्त संशोधनासाठी’ असं छापलेलं असतं. एन्झाइम ऊतीत कुठे बसलंय, हे ती दाखवते. तेही एकटी नव्हे. सशाच्या अँटिबॉडीला पकडायला बहुधा शेळीची अँटिबॉडी लागते, तेव्हा कुठे स्लाइडवर तपकिरी रंग चढतो. सशापासून औषध होतच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. किडनी बदलल्यावर शरीराने ती नाकारू नये म्हणून देतात ते अँटीथायमोसाइट ग्लोब्युलिन सशातूनही काढतात. ते वेगळं, त्याच्या चाचण्या वेगळ्या.

तात्या, राग मानू नका, पण रक्त घेणार कोण, हे त्या मेसेजमध्ये कुठेच नाही. ससे विकणारा तेवढा आहे. ‘माल आम्हीच परत घेऊ’ या बोलीवर कडकनाथ कोंबड्या घेतलेल्यांचे आपल्या वाळवा तालुक्यात २०१९ ला पैसे कसे बुडाले, ते तुम्हीच मला सांगत होता. मी त्या नंबरवर फोन लावून समितीचा नोंदणी क्रमांक विचारला. उत्तर आलं, “साहेब, युनिट बुक करा आधी. कागदं मागनं देतो.”