वॉटर-बेस्ड रंग आणि गोदावरी: खुलासा

‘वॉटर-बेस्ड रंग पूर्ण नैसर्गिक, ब्रश खुशाल नाल्यात धुवा, गोदावरीला काही होत नाही’ हा मेसेज नाशिकच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. अर्धाच खरा आहे. टर्पेंटाइन लागत नाही, वासही कमी. पण त्यात अ‍ॅक्रिलिकचे, म्हणजे प्लास्टिकचेच, सूक्ष्म कण असतात. पाणी उडालं की ते एकमेकांना चिकटून थर धरतात. शिवाय रंग नासू नये म्हणून जंतुनाशकही घातलेलं असतं. मी सातपूर-सिडकोत रंगकाम करतो. ब्रश धुतलेली बादली रात्रभर ठेवली की सकाळी तळाशी दुधट साका दिसतो. तोच नाल्यात जातो. ब्रश आधी कागदावर निपटा, साका वाळवून घंटागाडीत वेगळा द्या. आणि रंगातलं विषारी शिसं? घरगुती रंगांना शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून आहे, ऑइलपेंटलासुद्धा. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.