डिग्री जुळली म्हणजे कोन जुळला, असं होत नाही

यंत्रमागवाल्यांच्या आणि सूतगिरणीवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत सध्या एक मजकूर फिरतो आहे. माझ्याकडे तो चार वेगवेगळ्या माणसांकडून आला. चौथा पाठवणारा स्वतः कोनांची खरेदी बघतो, म्हणून उत्तर लिहायला बसलो. मजकूर असा:

"पेपर कोन घेताना फक्त डिग्री बघा. ५ डिग्री ५७ मिनिटं असेल तर कुठलाही कोन कुठल्याही ऑटोकोनरवर चालतो. हातात घेऊन बघा, जड असेल तो मजबूत. अंग जितकं गुळगुळीत तितकं सूत कमी तुटतं. आणि न चेपलेला जुना कोन नव्यासारखाच चालतो, पैसे वाचवा."

मी इचलकरंजीजवळच्या एका सूतगिरणीत वाइंडिंग खात्यात, म्हणजे सूत कोनावर गुंडाळतात त्या खात्यात, बरीच वर्षं काढली. या चारही दाव्यांत थोडं थोडं खरं आहे आणि म्हणूनच ते लोकांना पटतात. पुढे लिहिताना 'कोन' म्हणजे कागदाचा शंकू, ज्यावर सूत गुंडाळतात तो. शाळेच्या भूमितीतल्या कोनाला आमच्या खात्यात टेपर किंवा डिग्री म्हणतात, मीही तेच म्हणतो. ऑटोकोनर म्हणजे कोनावर सूत आपोआप गुंडाळणारं मशीन.

"फक्त डिग्री बघा."

आधी ही डिग्री म्हणजे काय ते पाहू. ५ अंश ५७ मिनिटं हा अर्धा टेपर आहे. कोनाच्या मधोमध सरळ रेषा कल्पिली, तर त्या रेषेपासून कोनाची भिंत एवढी कललेली असते. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये मोजलंत तर ११ अंश ५४ मिनिटं भरतील. कोनमापक लावून "माल चुकीचा आला" म्हणत गाडी परत पाठवणारे मी पाहिले आहेत. टेपर कोनमापकाने तपासूच नये. व्हर्नियर घ्या, बेसचा म्हणजे रुंद टोकाचा व्यास मोजा, नोजचा म्हणजे निमुळत्या टोकाचा व्यास मोजा आणि वजाबाकी करा. कोनाची लांबी १७० मि.मी. असेल तर ५ अंश ५७ मिनिटांच्या कोनात हा फरक सुमारे ३५.४ मि.मी. येतो, ४ अंश २० मिनिटांच्या कोनात २५.८ आणि ३ अंश ३० मिनिटांच्या कोनात २०.८. आकडे एकमेकांपासून इतके दूर आहेत की घोटाळा दोन मिनिटांत उघडा पडतो.

आता खरी गोम. एका कोनाचा बेस ६२ आणि नोज २७ मि.मी. आहे. दुसऱ्याचा बेस ६० आणि नोज २५. वजाबाकी तीच, डिग्री तीच, लांबी तीच. मजकुराच्या हिशेबाने दोन्ही कोन सारखेच झाले. पण मशीनच्या क्रेडलमध्ये, म्हणजे कोन धरणाऱ्या चौकटीत, कोन ज्या अडॅप्टरवर बसतो, तोही निमुळता असतो. बेसचा व्यास कमी असला की कोन त्यावर पूर्ण आत जात नाही, अलीकडेच अडकतो. किती अलीकडे? ५ अंश ५७ मिनिटांच्या टेपरला व्यासातल्या १ मि.मी. फरकामागे कोन जवळजवळ ४.८ मि.मी. सरकतो. ३ अंश ३० मिनिटांच्या कोनाला तर ८ मि.मी.हून जास्त. टेपर जितका कमी तितकी व्यासातली चूक महाग पडते, हे फार कमी लोक लक्षात घेतात.

वरच्या उदाहरणात व्यासात २ मि.मी.चा फरक आहे, म्हणजे कोन साडेनऊ मि.मी. सरकला. कोनाला फिरवणारा आणि सूत या टोकापासून त्या टोकाला नेणारा ड्रम मात्र जागचा हलत नाही. त्याचा ट्रॅव्हर्स, म्हणजे सूत जेवढ्या लांबीत फिरतं ती, ६ इंच, म्हणजे १५२ मि.मी. कोन १७० चा. दोन्ही कडा मिळून सुताबाहेर उरते ती जागा १८ मि.मी., म्हणजे एका कडेला ९. एकाच कडेची साडेनऊ गेली, तर सूत पार बेसच्या काठावर येऊन पडतं. काठावरचे फेरे घसरतात आणि आडवे जाऊन बसतात. वाइंडिंगमध्ये हे कुणाच्या लक्षात येत नाही, कारण कोन वरून सुबक दिसतो. दुखणं उघडं पडतं ते वार्पिंगच्या क्रीलवर, म्हणजे ताणा तयार करताना शेकडो कोन ज्या सांगाड्यावर लावतात तिथे. तिथे पाचशे कोन लावलेले असतील आणि त्यातल्या एकाचं सूत तुटलं, तर त्या एकासाठी पाचशेही थांबतात.

हे मी अनुभवलं आहे. एका वर्षी नव्या पुरवठादाराकडून कोन आले. डिग्री तपासली, बरोबर निघाली. बेसचा व्यास दीड मि.मी. कमी होता, तो मी तपासला नाही. मशीनवर तक्रार आली नाही. तीन आठवड्यांनी एका वार्पिंगवाल्याचा फोन आला की तुमच्या सुताला ताकद नाही. सूत चांगलं होतं. आम्ही कापूस तपासला, पीळ तपासला, तुटलेलं सूत जोडणाऱ्या स्प्लायसरच्या मागे लागलो. कोनाकडे बघायला सगळ्यात शेवटी गेलो आणि तोवर त्या माणसाचे दोन बीम, म्हणजे ताणा गुंडाळलेले रूळ, खराब झाले होते. त्याची भरपाई गिरणीने दिली, पण त्याने पुन्हा आमचं सूत घेतलं नाही.

लांबीचंही असंच. क्रेडल कोनाला दोन्ही टोकांनी धरतो. कोन आखूड असला तर पकड सैल पडते, लांब असला तर नोज चेपतो. आणि "कुठल्याही ऑटोकोनरवर" म्हणाल, तर ऑटोकोनर हे मुळात श्लाफहोर्स्टच्या मशीनचं नाव. आपण मुराटाला आणि साव्हिओलाही सवयीने तेच म्हणतो आणि मग सगळी मशीनं मनात एक होऊन जातात. अगदी एकाच गिरणीत, एकाच बनावटीच्या दोन मशीनांवर वेगवेगळे अडॅप्टर असू शकतात. ऑर्डर देताना मशीनचं नाव लिहून भागत नाही. अडॅप्टर काढून पुरवठादाराच्या हातात द्यावा.

पकड थोडी सैल असली म्हणून काय बिघडतं, असं विचारणाऱ्यांसाठी एक हिशेब. सूत मिनिटाला १२०० मीटर वेगाने गुंडाळलं जात असेल आणि रिकाम्या कोनाचा मधला व्यास ४५ मि.मी. धरला, तर पूर्ण वेग घेतल्यावर कोन मिनिटाला सुमारे ८,५०० फेरे घेतो. भरत आलेला, २२० मि.मी. व्यासाचा कोन त्याच वेगाला साधारण १,७०० फेरेच घेतो. म्हणजे कोनाची खरी परीक्षा तो रिकामा असताना होते. लंबवर्तुळाकार झालेला किंवा अडॅप्टरवर डुलणारा कोन तेव्हा ड्रमवर आदळत असतो आणि सुताचे पहिले थर तिथेच बिघडतात.

"जड असेल तो मजबूत."

ताकद ठरते कागदाचा दर्जा, थरांची संख्या, डिंक आणि वाळवण यांवर. वजन या सगळ्यानंतर येतं. हलक्या प्रतीच्या, पुन्हा पुन्हा गाळलेल्या लगद्याचा जाड पुठ्ठा वजनाला भरतो, पण दाब आला की चेपतो. दुसरं म्हणजे कागद पाणी पितो. आपल्याकडे पावसाळ्यात गोदामाची फरशी घाम धरते. ४० ग्रॅमच्या कोनातला ओलावा ८ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर गेला, तर त्याचं वजन १.८ ग्रॅमने वाढतं. हातावर तोलून बघणाऱ्याला तोच कोन जास्त चांगला वाटणार, आणि प्रत्यक्षात तो आधीपेक्षा मऊ झालेला असतो.

सूत विकलं जातं निव्वळ वजनावर. कोनाचं वजन ठरावीक धरून वजा केलं जातं. २४ कोनांच्या पोत्यात दर कोनामागे १.८ ग्रॅमची चूक झाली, तर पोत्यामागे ४३ ग्रॅम सूत कागदावरच राहतं. गिऱ्हाईक ते एक ना एक दिवस मोजतंच. म्हणून कोन जड की हलका यापेक्षा सगळे एका वजनाचे आहेत का, हे तपासा. पन्नास कोन एकेक करून काट्यावर ठेवा. कोन आले त्याच दिवशी मशीनवर चढवू नका, एक दिवस खात्यात उघडे ठेवा. खात्यात आर्द्रता ६०-६५ टक्के ठेवलेली असते, तिच्याशी त्यांना जुळू द्या.

जास्त ताकदीचा कोन खरोखर लागतो तो लायक्रा घातलेल्या सुताला. असं सूत गुंडाळल्यावर आखडतं आणि कोनाला चहूबाजूंनी आवळत राहतं. मशीनवर गोल असलेला कोन दोन दिवसांनी आत दबलेला सापडतो. चाळीस काउंटच्या (काउंट म्हणजे सुताच्या बारीकपणाचा आकडा) साध्या सुती धाग्याला तेवढ्या ताकदीचा पैसा घालणं वाया आहे.

"अंग जितकं गुळगुळीत तितकं सूत कमी तुटतं."

नोजपुरतं हे बरोबर आहे. सूत कोनाच्या डोक्यावरून ओढलं जातं. कोन संपत आला की ते नोजला घासून जातं, म्हणून नोज आत वळवलेला आणि बोट फिरवल्यावर कुठेही न टोचणारा हवा. पण अंग पूर्ण गुळगुळीत असलं तर पहिल्या थरांना धरायला काही राहत नाही. ते नोजकडे घसरतात आणि उलगडताना शेवटचे काही मीटर एकदम गुंता होऊन सुटतात. कोनाच्या अंगावर उठाव किंवा मखमली पोत देतात तो यासाठीच. फिलामेंटसारख्या, म्हणजे अखंड लांब तंतूंच्या धाग्याला मात्र खरखरीत अंग चालत नाही, त्याचे तंतू अडकतात. तेव्हा पोत सूत बघून ठरवायचा.

"न चेपलेला जुना कोन नव्यासारखाच."

इथे मला दोन्ही बाजू दिसतात. लहान कारखानदाराला कोनामागचा रुपयाही मोठा असतो, आणि कांडी मशीनवर (बाण्याच्या सुताच्या कांड्या भरतात त्यावर) किंवा सावकाश चालणाऱ्या साध्या वाइंडिंगवर चांगला जुना कोन खुशाल वापरावा. मीही वापरला आहे. पण ऑटोकोनरवर नको. जुना कोन रिकामा करताना उरलेलं सूत ब्लेडने कापलेलं असतं आणि पात्याची चीर अंगावर राहते. नवं सूत त्या चिरेत अडकतं. शिवाय एखादा जुना तंतू चिकटून येतो. तो पांढऱ्या सुतात मिसळला तर कापड रंगवेपर्यंत कळत नाही.

सगळ्यात मोठा धोका नोजच्या रंगाचा. गिरणीत प्रत्येक काउंटला एक रंग ठरलेला असतो. तीसला हिरवा असेल, चाळीसला लाल. जुन्या कोनावरचा रंग दुसऱ्या गिरणीचा असतो आणि तिथे त्याचा अर्थ वेगळा. रात्रपाळीला घाईत क्रील भरणारा माणूस लेबल वाचत नाही, रंग बघतो. एक कोन चुकीच्या काउंटचा लागला की बीमच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक जाड किंवा बारीक रेघ उमटते, आणि ते कापड नंबर दोनमध्ये जातं. जुने कोन घ्यायचेच असतील तर नोजवरचा रंग आधी पांढऱ्याने पूर्ण झाका आणि मगच ते खात्यात जाऊ द्या.